चेंडू गेल्यावर

यकिमाच्या खोऱ्यात ऑगस्टचा धूर उतरलाय.
डोंगरापलीकडे कुठंतरी जंगल जळतंय,
आणि नऊ नंबरच्या मैदानावर बारा वर्षांखालच्या मुली
तोंडात संत्र्याची फोड धरून पाय मोकळे करताहेत.

मी सफरचंदांच्या रिकाम्या खोक्यावर.
मांडीवर फळी, फळीवर फॉर्म, कानामागे पेन्सिल.
गुडघे गेले त्याला अकरा वर्षं झाली;
तेव्हापासून मी धावत नाही,
धावणाऱ्या पंचांना गुण देतो.

येसेनिया अरेओला, वय सोळा.
शुक्रवारी पहिल्या सामन्यात तुझी शिट्टी
दार अर्धं लोटून “येऊ का?” विचारावं, तशी.
कुणी थांबलंच नाही.
एका मुलीनं तर धावता धावता तुलाच विचारलं, वाजली का?
मी लिहिलं : शिट्टी, अपुरी.
खोडलं.
लिहिलं : शिट्टी, अजून.

शनिवारी तीन सामने.
दोनदा तू झेंडा घेऊन रेषेवर, एकदा मध्ये.
मोजे भावाचे, घोट्याशी गोळा होणारे.
ऑफसाइडला झेंडा उचलण्याआधी
तू मनात आख्खं वाक्य जुळवतेस, इथून दिसतं मला.
तेवढ्यात बचावातली पोर चार पावलं सरकते
आणि पुरावा जागेवर राहत नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये
पिकअपच्या मागच्या फळीवर बसून तू म्हणालीस,
बाबा पॅकिंग हाउसमध्ये हेच करतात, मिस्टर ट्विट.
पट्ट्यावरून फळं येतच राहतात,
डागी बाजूला, बाकीची पुढे.
विचार करत बसलं की दहा निसटतात.
मग इथंही तसंच कर, मी म्हणालो.
फळं ओरडत नाहीत, तू म्हणालीस.

आज उपांत्य सामना. आजचा फॉर्म वर जाणार.
एकेचाळिसावं मिनिट.
निळ्यांच्या बचावातल्या पोरीनं आपल्याच गोलपुढून
चेंडू उंच, लांब टोलवला.
सगळ्यांच्या माना चेंडूमागे,
आयांच्या, कोचांच्या, आइस्क्रीमवाल्याच्या,
आणि खोटं कशाला बोलू, माझीही.
शिट्टी.
अख्ख्या खोऱ्याला ऐकू जावी अशी.
वळून पाहतो तर पिवळ्यांची सात नंबर गवतात आडवी
आणि तुझा हात पेनल्टीच्या ठिपक्याकडे.

निळ्यांची कोच आत घुसली, टोपी आपटली,
काय वाटेल ते बोलली.
तू पिवळं कार्ड वर धरलंस.
हात थरथरला का, ते मला दिसलं नाही;
वहीत नोंद करताना मात्र तू पाठ फिरवलीस.
पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली.
तरी ती बाई शेवटपर्यंत ओरडतच होती.

तीस वर्षं मी पोरांना सांगत आलोय,
चेंडू गेला की नजर जाऊ देऊ नका,
जे घडायचं ते मागं घडतं.
आणि नेमका आज मी चेंडू बघत होतो.
जे पाहिलंच नाही त्याला गुण किती द्यायचे?

सामन्यानंतर तू समोर उभी, ओठांवर धुळीची रेघ.
काय दिसलं तुला? मी विचारलं,
परीक्षकासारखं नाही, खरंच माहीत नव्हतं म्हणून.

तू खाली बघत म्हणालीस,
धक्का नाही दिसला. पडलेली दिसली.
आणि तिच्या शेजारची,
सगळं मैदान चेंडूकडे बघत असताना
ती एकटी माझ्याकडे बघत होती.

नियम सांगतो, दिसलं तेवढंच द्यावं.
नियम हेही सांगत नाही की दिसणं म्हणजे नेमकं काय.
पेन्सिलीचं टोक मी दोनदा जिभेला लावलं.
चौकट कोरीच.

“पास झाले का मी?”
पत्र येईल, म्हणालो. तीन आठवडे लागतात.

तू मोजे वर ओढलेस,
बाटलीतलं उरलेलं पाणी मानेवर ओतलंस,
आणि चार नंबरच्या मैदानाकडे पळालीस.
तिथं तुला फक्त झेंडा धरायचा होता.
मी तुझ्या पाठीकडे बघत राहिलो,
पलीकडे कुणीतरी गोल केला तरी.